एमएस, व्हिटॅमिन डी ११ आणि कोकणातलं ऊन

ताई, आधी दोन गोष्टी सांगतो, त्या आजपासूनच करा, बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल. मुलीला रोज साडेदहाला अंगणात उन्हात बसवताय ते थांबवा. आणि तिची एमएसची (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचा आजार) गोळी एक दिवसही बंद करू नका, गोळ्या लागत नाहीत असा मेसेज कोणीही पाठवलेला असू दे.

आता इतरांना कळावं म्हणून तुमचा प्रश्न थोडक्यात. मुलगी २९ वर्षांची, शाळेत शिकवते, दोन वर्षांपूर्वी मुंबईला एमआरआय आणि पाठीतल्या पाण्याची तपासणी होऊन मल्टिपल स्क्लेरोसिसचं निदान झालं, डायमिथाइल फ्युमरेट ही एमएसची गोळी चालू आहे. परवा रक्तात व्हिटॅमिन डी ११ नॅनोग्रॅम आलं, म्हणजे बरंच कमी. शेजारपाजारचे म्हणाले ऊन घ्या, म्हणून गुहागरला घरच्या अंगणात तुम्ही तिला बसवायला लागलात, तर अर्ध्या तासात उजवा पाय ओढायला लागतो, एका डोळ्यासमोर धूसर होतं, आत येऊन पंख्याखाली पडली की तासाभरात परत ठीक. त्यात नात्यातल्या कोणीतरी मेसेज पाठवला की डीचे मोठे डोस घेतले की एमएस मुळापासून जातो आणि गोळ्या लागत नाहीत. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की रोज बांगडा दिला तर चालेल का.

उन्हात बसल्यावर जे होतंय त्याने तुम्ही सगळ्यात जास्त घाबरलायत, म्हणून ते आधी घेतो. हा नवा अटॅक, म्हणजे एमएस नव्याने उसळणं, नाहीये. विल्हेल्म उथॉफ नावाच्या जर्मन डोळ्यांच्या डॉक्टरांनी १८९० मध्ये हे लिहून ठेवलंय, त्यांच्या पेशंटना श्रम केले की दिसायला कमी व्हायचं आणि विश्रांतीनंतर परत दिसायचं, पुढे लक्षात आलं की खरं कारण अंगातली उष्णता आहे. एमएसमध्ये नसांवरचं मायलिनचं आवरण जागोजागी खराब झालेलं असतं, अशा नसेतून संदेश कसाबसा पुढे जात असतो, आणि शरीराचं तापमान अगदी अर्धा डिग्री वाढलं तरी तो वाटेतच अडकतो. म्हणजे आधी जिथे इजा झालीय तीच जागा बोलते, तुमच्या मुलीचा उजवा पाय आणि तोच डोळा, नवं काही नाही. अंग थंड झालं की संदेश परत जायला लागतो. एमआरआय यायच्या आधी तर डॉक्टर संशयित पेशंटला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणं वाढतात का हे बघायचे, तीच तपासणी होती. त्यामुळे नसांचं नवीन नुकसान झालं ही भीती मनातून काढा, पण म्हणून रोज मुद्दाम ते घडवून आणायचं कारणही नाही. पाय ओढला जात असताना ओल्या फरशीवर पडली तर मनगट किंवा खुबा मोडेल आणि ते नुकसान मात्र खरं असेल.

फरक असा ओळखायचा की लक्षण नवीन असेल किंवा जुनंच पण २४ तासांहून जास्त टिकलं, आणि ताप नाही, लघवीला जळजळ नाही, तर डॉक्टरांना लगेच कळवायचं. ताप किंवा लघवीचं इन्फेक्शन असेल तर आधी त्याचा इलाज, कारण तापानेही जुनी लक्षणं वर येतात आणि लोक घाईघाईने स्टिरॉइड घेऊन बसतात.

आता ऊन. आपल्याकडे आजी-आजोबा सांगायचे की सकाळचं कोवळं ऊन अंगावर घ्यावं, आणि ते छान असतं यात वादच नाही, पण व्हिटॅमिन डी त्याने फारसं तयार होत नाही. कातडीत डी बनायला उन्हातले यूव्हीबी किरण लागतात आणि सूर्य खाली असताना ते वातावरणातच गळून जातात. सोपी खूण म्हणजे आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान असेल तेव्हाच डी नीट तयार होतं. आपल्या किनाऱ्यावर मे महिन्यात ती वेळ साधारण साडेनऊ ते पावणेचार येते आणि डिसेंबरात सव्वाअकरा ते पावणेदोन. म्हणजे डी देणारं ऊन नेमकं तेच, जे एमएसवाल्याला सोसत नाही, आणि कोकणात त्याच्या जोडीला दमट हवा. घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. कोरड्या हवेत एखादा पेशंट वीस मिनिटं बसेलही, आपल्याकडे मे महिन्यात ते होणार नाही. खिडकीच्या काचेआड बसून तर काहीच उपयोग नाही, काच यूव्हीबी अडवते, नुसती उष्णता आत येते.

एवढं ऊन असलेल्या भागात डी ११ कसं, हे मला प्रत्येक घरात विचारतात. उत्तर अगदी साधं आहे. आपली कातडी सावळी, तिला गोऱ्या कातडीपेक्षा बराच जास्त वेळ ऊन लागतं. बाई बाहेर पडते तेव्हा अंगभर कपडे, डोक्यावर पदर नाहीतर छत्री. नोकरी शाळेच्या खोलीत. जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं. आणि एमएस झाल्यावर थकवा येतो, माणूस घराबाहेर पडेनासा होतो, म्हणजे डी आणखी खाली. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की ऊन आणि डी या दोन गोष्टी मनात वेगळ्या करा. डी गोळीतून किंवा सॅशेतून द्या, ते स्वस्त आहे, मोजता येतं आणि अंग तापत नाही. मोकळ्या हवेसाठी तिला संध्याकाळी बाहेर न्या.

डोसचं म्हणाल तर आपल्याकडे ११ सारख्या आकड्याला सहसा कोलेकॅल्सिफेरॉल ६०,००० युनिटचं सॅशे किंवा कॅप्सूल आठवड्यातून एकदा, असं आठ आठवडे देतात, आणि मग खाली आणून महिन्याला एक किंवा रोज १,०००-२,००० युनिट. तीन महिन्यांनी परत तपासायचं. तिला नेमकं काय द्यायचं हे तिचे डॉक्टर कॅल्शियम आणि किडनीचा रिपोर्ट बघून ठरवतील, मुतखड्याचा त्रास असेल तर आधीच सांगा. एमएससाठी आम्ही बहुतेक जण ३० ते ५० च्या मध्ये आकडा ठेवायला बघतो. १०० च्या वर न्यायचं काही कारण नाही. सॅशे दुपारच्या जेवणानंतर द्या, डी चरबीत विरघळतं, रिकाम्या पोटी नुसत्या पाण्यातून घेतलं तर नीट शोषलं जात नाही, आणि आपल्या जेवणात नारळाचं वाटप असतंच त्यामुळे वेगळं तूप-तेल बघायला नको. फ्युमरेटची गोळीही भरल्या पोटीच घ्यायची असते, त्याने पोटातली मळमळ आणि चेहरा लालबुंद होऊन गरम वाफा येणं दोन्ही कमी होतं.

मोठ्या डोसबद्दल मात्र नीट लिहायला पाहिजे, कारण तो मेसेज पूर्ण खोटा असता तर सोपं होतं, त्यात अर्धं खरं आहे.

डी आणि एमएसचा संबंध आहे, हे आता बऱ्यापैकी पक्कं झालंय. विषुववृत्तापासून लांब, स्कॉटलंड, कॅनडा, स्कँडिनेव्हिया अशा कमी उन्हाच्या देशांत एमएस जास्त दिसतो. नॉर्वेत १९५० च्या सुमारास असं दिसलं की आतल्या शेतीच्या भागापेक्षा समुद्रकाठच्या मासेमारीच्या गावांत एमएस कमी होता. २००६ मध्ये अमेरिकी सैनिकांच्या साठवलेल्या रक्तावरून कळलं की आजार व्हायच्या आधी ज्यांचं डी जास्त होतं त्यांना, निदान गोऱ्या सैनिकांत तरी, पुढे एमएस कमी झाला. २०१५ च्या अभ्यासात ज्यांच्या जनुकांमुळेच डी कमी राहतं त्यांच्यात एमएसचा धोका जास्त निघाला. त्याच वेळी हेही खरं की एमएस एका कारणाने होत नाही. एपस्टाइन-बार नावाचा विषाणू यात आहे, २०२२ मध्ये एक कोटीवर अमेरिकी सैनिकांच्या नोंदी बघून निघालं की त्याची लागण झाल्यावर धोका ३२ पट वाढतो, आणि ती लागण तर जगात जवळजवळ सगळ्यांनाच होते. विडी-सिगारेट, लहान वयातला लठ्ठपणा, जनुकं, हे सगळं मिळून होतं. त्यामुळे तुम्ही लिहिलंय ना की आम्ही लहानपणी तिला उन्हात खेळू दिलं नाही म्हणून हे झालं का, तर नाही ताई, तो भार डोक्यावर घेऊ नका.

पण आजार होण्याचा धोका वेगळा आणि झालेला आजार थांबवणं वेगळं. आजारी माणूस घरात बसतो म्हणून त्याचं डी कमी होतं, हे मी वर म्हटलं, त्यामुळे कमी डीवाल्यांचा एमएस जास्त बिघडतो असं नुसतं बघून दिसलं तरी बिघाड डीमुळेच हे सिद्ध होत नाही. ते बघायला निम्म्यांना डी आणि निम्म्यांना तसंच दिसणारं दुसरं काहीतरी देऊन प्रयोग करावा लागतो, आणि असे प्रयोग झालेत. सोलार नावाच्या प्रयोगात इंटरफेरॉन हे एमएसचं औषध घेणाऱ्यांना रोज १४,००७ युनिट दिलं, ठरवलेला मुख्य फायदा दिसला नाही. विडॅम्स नावाच्या प्रयोगात ग्लॅटिरामर हे एमएसचं दुसरं औषध घेणाऱ्यांना ५,००० आणि ६०० युनिट देऊन तुलना केली, २०२३ ला निकाल आला, अटॅक दोन्हीकडे सारखेच. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये पहिल्या अटॅकनंतर १,०००, ५,००० आणि १०,००० युनिट देऊन बघितलं, तिथेही फायदा नाही. मग २०२५ मध्ये फ्रान्समधल्या डी-ले एमएस नावाच्या प्रयोगाचा निकाल आला आणि आम्ही सगळे सरसावून बसलो. त्यात पहिला अटॅक येऊन तीन महिनेही न झालेल्या, अजून एमएसचं कुठलंच औषध सुरू न केलेल्या पेशंटना दर दोन आठवड्यांनी १ लाख युनिट दिलं. दोन वर्षांत आजार परत हलला असे डी घेणाऱ्यांत ६० टक्के आणि न घेणाऱ्यांत ७४ टक्के. फायदा खरा आहे, पण तो मुख्यतः एमआरआयवरच्या नव्या डागांत दिसला, अटॅकच्या संख्येत ठाम फरक निघाला नाही. आणि हेही बघा की डी घेऊनसुद्धा शंभरातल्या साठ जणांचा आजार हललाच. तुमच्या मुलीसारखं ज्यांचं औषध आधीच चालू आहे त्यांनी ते सोडून नुसत्या डीवर राहावं, असं यातल्या एकाही प्रयोगाने म्हटलेलं नाही. मला हा निकाल महत्त्वाचा वाटतो आणि म्हणूनच मी कुठल्याच एमएसच्या पेशंटचं डी कमी राहू देत नाही. गोळी बंद करायला मात्र मी कधीच सांगणार नाही, कारण बंद केल्यावर जो अटॅक येईल त्यातून पाय पूर्ण परत येईलच असं नसतं.

मेसेजमधला प्रोटोकॉल ब्राझीलमधून आलाय. रोज कित्येक दहा हजार युनिट, कधी लाखाच्याही वर, दूध-दही पूर्ण बंद, रोज अडीच लिटर पाणी. पथ्य एवढं कडक का, तर एवढ्या डीने रक्तात कॅल्शियम वाढून किडनी बसू नये म्हणून, म्हणजे धोका त्या पथ्यातच लिहिलेला आहे.

माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, एमएसच्याच. आठवडाभर उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान, सारखी लघवी, आणि मग बोलण्यात गोंधळ आणि पायातली ताकद गेल्यासारखी. घरच्यांना वाटलं अटॅक आला, स्टिरॉइड सुरू करा म्हणून मागे लागले. मी त्यांना औषधांची पिशवी टेबलावर उलटी करायला सांगितली. सॅशेची रिकामी पाकिटं मूठभर निघाली, आठवड्याला एक घ्यायचं ते त्या रोज एक घेत होत्या, चिठ्ठीवरची खूण त्यांनी तशी वाचली होती. त्याच पिशवीत कॅल्शियमची गोळी, तिच्यात डी, मल्टिव्हिटॅमिन, त्यात डी, आणि मध्येच कोणीतरी ६ लाखाचं इंजेक्शनही दिलेलं. कॅल्शियम १४ च्या वर होतं, साडेदहाच्या आत पाहिजे. सगळं बंद करून सलाईनवर ठेवल्यावर कॅल्शियम हळूहळू खाली आलं, पण डी चरबीत साठून राहतं त्यामुळे कित्येक आठवडे रक्त तपासत बसावं लागलं. एमएसच्या घरात हे जास्त घातक ठरतं कारण लक्षणं अटॅकसारखीच दिसतात. म्हणून सॅशे घ्यायचा वार ठरवा, कालनिर्णयवर त्या वाराला गोल करा, घेतलं की फुली मारा, आणि घरातल्या प्रत्येक पाकिटावर डी किती आहे ते वाचून एका कागदावर मांडा.

तपासणीबद्दल थोडं. लॅबमध्ये २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी असंच सांगायचं, १,२५ नावाची दुसरी तपासणी असते ती महाग आणि यासाठी निरुपयोगी. परदेशातले लेख वाचताना आकड्यापुढचं एकक बघा, तिकडे बऱ्याच ठिकाणी नॅनोमोल लिहितात, तो आकडा आपल्या नॅनोग्रॅमच्या अडीच पट दिसतो, म्हणजे त्यांचे ७५ ते आपले ३०. केस गळतात म्हणून ती बायोटिनची गोळी घेत असेल तर तपासणीच्या दोन-तीन दिवस आधी बंद ठेवा, काही मशिनवर त्याने डी खोटं जास्त दिसतं आणि थायरॉइडचा रिपोर्टही चुकतो. कॅल्सिट्रिऑल म्हणून एक कॅप्सूल मिळते, ती वेगळी वस्तू आहे, सॅशे संपलं म्हणून दुकानदाराने ती दिली तर घेऊ नका. आणि सोबत बी१२ नक्की करा, ते कमी असलं तरी मुंग्या आणि तोल जाणं होतं आणि सगळा दोष एमएसला लागतो.

डी भरून काढायचं माझ्या दृष्टीने सगळ्यात ठोस कारण हाडं आहे. एमएसमध्ये चालणं कमी होतं, अटॅकला शिरेतून स्टिरॉइड द्यावी लागतात, तोल जाऊन पडण्याची शक्यता जास्त, आणि हाडं ठिसूळ झालेली माणसं पडली की मोडतात. चेहऱ्याच्या कळांसाठी किंवा फिट्ससाठी कार्बामॅझेपिन, फेनिटोइन चालू असेल तर ती औषधं डी आणखी खाली आणतात, तेव्हा डोस वाढवावा लागतो. कॅल्शियमची गोळी मात्र सरसकट नको, जेवणातून येत असेल तर पुरे. नाचणीची भाकरी आहे ना आपल्याकडे, १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३४० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, आणि मांदेली काट्यासकट खाल्ली की तेही मिळतं.

बांगड्याचा प्रश्न मला फार आवडला. चालेल, जरूर द्या, बांगडा आणि तारली हे तेलाचे मासे, नैसर्गिक डी ज्या थोड्या पदार्थांत आहे त्यातले हे, आणि हृदयालाही चांगले. अंड्याच्या बलकातही थोडं असतं. पण ११ वरून ३० वर जायला नुसते मासे पुरणार नाहीत, आणि जून-जुलैत मासेमारी बंद असते, म्हणजे आभाळ भरलेलं असतं नेमकं तेव्हाच ताजा बांगडाही नाही. सुकं खारं रोज देऊ नका, मीठ फार होतं. कॉड लिव्हर ऑइलच्या बाटल्या भरपूर घेऊ नका, त्यात व्हिटॅमिन ए पण असतं आणि ते साठलं तर यकृताला आणि हाडांना वाईट.

मुलीला घरात कोंडून ठेवायचं नाहीये. आमसुलं वाळत घालणं, गवत काढणं असली अंगणातली कामं तिला करायचीच असतील तर सकाळी आठच्या आत. बाहेर पडायच्या आधी आणि बाहेर असताना थंड पाणी घोट घोट पीत राहायचं, याने उष्णता जास्त वेळ सोसते. मानेवर ओला पंचा ठेवायचा, पण दमट हवेत त्याच्यासमोर पंखा पाहिजे, नाहीतर तो पंचाच गरम होतो. वीज जाते त्या दिवसांसाठी चार्जिंगचा छोटा पंखा घेऊन ठेवा. आंघोळीला कढत पाणी नको, कोमट. संध्याकाळी समुद्रावर जाऊ दे, गुहागरचा किनारा लांबच लांब आहे, फक्त मऊ सुक्या वाळूत पाय रुततो आणि ओढणारा पाय आणखी दमतो, भरती-ओहोटी बघून ओल्या घट्ट वाळूवरून चालायला सांगा, सोबत कोणीतरी असू दे. शाळेत सांगायला ती घाबरते असं लिहिलंत, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यात मल्टिपल स्क्लेरोसिस नाव घेऊन आहे, तळमजल्याचा वर्ग, पंख्याजवळची जागा, सकाळचं सत्र हे मागायला तिने संकोच करू नये.

लग्नाचं आणि मुलाबाळांचं तुम्ही शेवटच्या ओळीत विचारलंय. एमएस आईकडून मुलाला सरळ जात नाही, धोका थोडासा वाढतो एवढंच, बहुतेक मुलं निरोगीच असतात. फक्त दिवस राहायच्या आधी फ्युमरेटचं काय करायचं हे न्यूरॉलॉजिस्टशी बसून ठरवावं लागेल, आणि गरोदरपणात सॅशे आपल्या मनाने चालू ठेवायचं नाही, डोस विचारूनच.

आत्ता एवढं करा, सॅशे सुरू करायच्या आधी कॅल्शियम, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि बी१२ तपासून घ्या, आणि तीन महिन्यांनी डी परत कराल तेव्हा त्या दिवशीच कॅल्शियमही करा. मला किंवा तिच्या मुंबईच्या डॉक्टरांना रिपोर्ट पाठवाल तर नुसता डीचा आकडा नको, सगळे एकत्र पाठवा आणि सोबत ती पाकिटांची यादी.